प्रसूतिकक्षाच्या दारापर्यंतचे शिक्षण

ओळखीतल्या एखाद्या मुलीला दिवस गेले की पाचव्या महिन्याच्या सुमारास तिचा प्रश्न येतो, कोणता क्लास लावू? मुंबईत आता निवडीला भरपूर वाव आहे. प्रसूतिपूर्व योगाचे वर्ग आहेत, लामाझ पद्धतीचे श्वसन शिकवणारे वर्ग आहेत, फिजिओथेरपिस्ट घेतात ते व्यायामवर्ग आहेत, गर्भसंस्काराची शिबिरे आहेत, तान्ह्या बाळाची काळजी शिकवणाऱ्या रविवारच्या कार्यशाळा आहेत, आणि काही खासगी रुग्णालयांनी नावनोंदणीच्या पॅकेजमध्येच घालून दिलेले वर्गही आहेत. बहुतेक जोडपी घरापासूनचे अंतर, वेळ आणि फी पाहून ठरवतात, आणि आठव्या महिन्यात लोकलचा जिना चढणे काय असते हे ज्याला ठाऊक आहे तो त्यांना दोष देणार नाही. मला मात्र असे वाटते की या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो रुग्णालयाला विचारायला हवा: कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोणाला थांबू द्याल?

याचे कारण सांगण्याआधी वर्गांची बाजू मांडली पाहिजे, कारण ही सगळी पैसेवाल्यांची हौस आहे, आमच्या आयांनी कुठे क्लास लावले होते, असे म्हणणारी माणसे आजही घरोघर भेटतात. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आमच्या आयांनी क्लास लावले नाहीत, कारण स्वतःला मूल होण्याआधी त्यांनी थोरल्या बहिणीचे, वहिनीचे, काकूचे बाळंतपण जवळून पाहिलेले असे. बाळंतिणीच्या खोलीत तापलेले पाणी नेऊन देणे, दुपटी धुणे, रडणारे बाळ मांडीवर घेऊन शांत करणे हे त्या परकर-पोलक्याच्या वयातच शिकत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे आता रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत होतात. ही फार मोठी कमाई आहे, आणि बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, ही म्हण ज्या भयातून आली ते भय आठवले तर घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाण्याची इच्छा कोणाला होऊ नये. पण या कमाईबरोबर जन्म घरातून उठून बंद दारामागे गेला. दोन खोल्यांच्या घरात एकुलती एक म्हणून वाढलेली मुलगी स्वतःचे मूल हातात घेते, तेव्हा अनेकदा ते तिने आयुष्यात हातात घेतलेले पहिलेच तान्हे मूल असते. सासूबाई गावी असतात, आईची नोकरी चालू असते. ही पोकळी वर्ग भरून काढत असतील तर त्यांना नाके मुरडण्याचे काही कारण नाही.

तरीही वर्गाला गेले की बाळंतपण सुलभ होते, असे मानायला आधार थोडा आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २००७ मध्ये प्रसूतिपूर्व शिक्षणाविषयीचे प्रयोग तपासले, तेव्हा अशा वर्गांचा नेमका किती फायदा होतो हे ठामपणे सांगता येत नाही, असे निघाले. याच संस्थेने २०१७ मध्ये आणखी एका गोष्टीचा आढावा प्रसिद्ध केला. कळांच्या सबंध काळात बाईजवळ सतत कोणी तरी थांबले तर काय होते, असा तो प्रश्न होता. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून असे दिसले की सोबत मिळालेल्या स्त्रियांची बाळंतपणे अधिक प्रमाणात नैसर्गिक मार्गाने झाली, सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ थोडा आखूड झाला आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असे सांगणाऱ्या स्त्रियाही कमी होत्या. हे दोन आढावे शेजारी शेजारी ठेवले की वर्ग निवडण्याची कसोटी आपोआप पुढे येते. गरोदर बाईबरोबर जो माणूस कळांच्या वेळी थांबणार आहे, त्याला हा वर्ग काही शिकवतो का?

लामाझचे नाव आपल्याकडे फुग्यासारखे फुगवून वापरले जाते, म्हणून त्याचा उगम इथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फर्नांद लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात ही पद्धत पाहिली आणि पॅरिसला परतून ती रुजवली. त्यांच्या पद्धतीत श्वसनाचा सराव होता, शरीर कसे चालते याचे शिक्षण होते, आणि प्रत्यक्ष कळांच्या वेळी बाईशेजारी उभी राहणारी प्रशिक्षित साहाय्यिकाही होती. आपण त्यातला श्वास तेवढा आणला. साहाय्यिका तिकडेच राहिली.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. माझे स्वतःचे बाळंतपण १९९२ मध्ये महापालिकेच्या एका रुग्णालयात झाले. क्लास हा शब्दही मी ऐकला नव्हता. मी एकटी होते आणि घाबरून ओरडत होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई, जिचे हे तिसरे बाळंतपण होते, म्हणाली, "ओरडू नकोस गं, गरम चहावर घालतेस तशी फुंकर घाल." तिने माझे मनगट धरून ठेवले होते, स्वतःची कळ आली की सोडायची आणि पुन्हा धरायची. तिचे नाव मला कधी कळले नाही. पुढे तीस वर्षांनी माझ्या मुलीसाठी आम्ही चांगला, नावाजलेला वर्ग निवडला. आठ रविवार ती, जावई आणि मी असे तिघेही जात होतो. कळ आली की कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने कसा दाब द्यायचा, कुशीवर कसे वळवायचे, पुढे वाकून उभे राहायला आधार कसा द्यायचा, हे मला आणि जावयाला शिकवले गेले, आणि तिथेच मला ती शेजारीण आठवली, कारण फी मोजून शिकलेला तो सावकाश सोडलेला श्वास म्हणजे तिची फुंकरच होती. प्रत्यक्ष दिवस आला तेव्हा एका खासगी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाच्या दारावर आम्हा दोघांना थांबवले गेले. नातेवाइकांनी बाहेर बसायचे, असा नियम असल्याचे सांगितले. सात तास आम्ही लिफ्टसमोरच्या खुर्च्यांवर बसून होतो. नंतर मुलगी म्हणाली, "पहिले दोन तास सगळं आठवत होतं. मग एकदम काहीच आठवेना." आठवण करून देणे हेच तर आम्ही दोघे शिकून आलो होतो.

यात माझी चूक अशी की मी रुग्णालयाला आधी विचारले नाही. असा काही अधिकार मागता येतो हेच मला माहीत नव्हते. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत की प्रसूतीच्या वेळी बाईजवळ सोबतीण असू द्यावी. स्वतः बाळंतपणातून गेलेली घरातली स्त्री त्यासाठी चालते, आणि जिथे खाजगीपणा राखता येतो तिथे पतीलाही परवानगी देता येते. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी लक्ष्य हा कार्यक्रम आला आणि बाळंत होणाऱ्या बाईला सन्मानाने वागवणे हा त्याचा एक भाग ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत, कळांच्या काळात हिंडण्याफिरण्याची आणि सोयीच्या स्थितीत राहण्याची मोकळीक या गोष्टी सांगितल्या, आणि सरसकट योनिमुखाशी टाके पडतील असा छेद घेऊ नये, बाळ बाहेर यावे म्हणून वरून पोट दाबू नये, असेही सांगितले. कागदावर सगळे आहे. दारावरच्या माणसापर्यंत ते पोचलेले नाही.

म्हणून जो वर्ग श्वास शिकवतो आणि रुग्णालयात काय विचारायचे ते शिकवत नाही, तो माझ्या मते अर्धवट आहे. नाव नोंदवण्याआधी जोडप्याने डॉक्टरांना विचारावे की सोबतीला कोण थांबू शकेल, कळा सुरू असताना उठून चालता येईल का, कळा वाढवण्याची औषधे कोणत्या परिस्थितीत दिली जातात, बाळ जन्मताच आईच्या छातीवर ठेवले जाते की आधी दुसऱ्या खोलीत नेले जाते, आणि इथे किती बाळंतपणे सिझेरियनने होतात. शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. खासगी रुग्णालयांत गुंतागुंतीच्या केसेस थोड्या अधिक येत असतील असे गृहीत धरले तरी तिपटीहून अधिक फरकाचा खुलासा त्याने होत नाही. पण इथेच वर्गांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिझेरियन म्हणजे बाईचा पराभव, अशा सुरात बोलणारा वर्ग निवडू नये. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयात खाली असेल, बाळाचे ठोके घसरत असतील, तर ती शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते, आणि त्यानंतर महिनोन्महिने मी कुठे कमी पडले असे म्हणत बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. चांगला वर्ग एक संपूर्ण तास सिझेरियनला देतो: भूल कशी देतात, त्यानंतर दूध कसे पाजायचे, कुशीवर होऊन कसे उठायचे.

योगाबद्दल माझे मत अनुकूल आहे. सांताक्रूझच्या द योग इन्स्टिट्यूटसारखी १९१८ मध्ये स्थापन झालेली संस्था ज्या शहरात आहे, तिथे योगाकडे घरोघरी आपुलकीने पाहिले जावे यात नवल नाही. गरोदरपणात काही अडचण नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि दिवसभर कार्यालयातल्या खुर्चीवर बसणाऱ्या किंवा डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीच्या कमरेला, मांड्यांना, झोपेला योगाचा लाभ होतो. प्रश्न शिकवणाऱ्याचा आहे. गरोदर स्त्रियांचा वर्ग चालवायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही, आणि महिन्याभराच्या प्रशिक्षणावर वर्ग सुरू करता येतो. म्हणून पहिल्या दिवशी शिक्षिका काय विचारते ते पाहावे. सोनोग्राफीचा अहवाल, रक्तदाब, आधीचे गर्भपात, अंगावर जाणे, वार कुठे आहे, हे काहीही न विचारता जी थेट आसनांना सुरुवात करते तिच्याकडे पुन्हा जाऊ नये. कपालभाती, श्वास कोंडून धरणे, पोटावर झोपून करायची आसने, पोटाला पीळ देणारी आसने, उत्तरार्धात बराच वेळ उताणे झोपणे, हे गरोदरपणात टाळायचे असते. रक्तस्राव, पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज आणि ठणका, यांपैकी काही झाले तर व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठायचे, हे जिच्या तोंडून पहिल्याच दिवशी येते ती शिक्षिका विश्वासाची.

गर्भसंस्काराच्या बाबतीत मला इतके मवाळ राहता येत नाही. बाईने शांत राहावे, चांगले खावे, आवडते गाणे ऐकावे, पोटातल्या बाळाशी बोलावे, यात वाईट काही नाही. बाळाला पोटातच आवाज ऐकू येऊ लागतात आणि आईचा आवाज ते जन्मल्यावर ओळखते. पण यावरून बाळ बुद्धिमान, गोरे, तेजस्वी आणि आज्ञाधारक होईल असे आश्वासन विकणे हा बायकांच्या भीतीवरचा व्यापार आहे. या आश्वासनाची दुसरी बाजू नेहमी अव्यक्त राहते. बाळात काही व्यंग निघाले, ते वेळेआधी जन्मले, किंवा नुसते चारचौघांसारखे निघाले, तर दोष आईच्या विचारांचा ठरतो. नऊ महिने मनात एकही काळजीचा विचार येऊ न देण्याची सक्ती ज्या बाईवर होते, तिला आणखी एक काळजी लावून देण्यापलीकडे या शिकवणीने काही साधत नाही. आणि जिथे मुलगा होण्याचे उपाय आडवळणाने का होईना सुचवले जातात, तिथून उठून तक्रारच केली पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला, आणि १९९४ चा केंद्रीय कायदा लिंगनिवडीची जाहिरात, मग ती शास्त्रीय असो वा अशास्त्रीय, गुन्हा मानतो. गर्भनाळेतले रक्त साठवण्याच्या योजना वर्गात येऊन विकणाऱ्यांबाबतही सावध राहावे. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी असे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. वर्गाचा खर्च अशा कंपन्या उचलत असतील तर शिकवणारीची दोरी कोणाच्या हाती आहे ते उघड आहे. बाळाच्या दुधाच्या भुकटीच्या कंपन्यांना तर १९९२ च्या कायद्याने, आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने, असा पैसा आरोग्यसेवकांच्या कार्यक्रमांना देण्याची मनाईच आहे.

सर्वांत जास्त वेळ ज्याला द्यायला हवा त्याला बहुतेक वर्ग सर्वांत कमी वेळ देतात, आणि तो विषय म्हणजे बाळ घरी आल्यानंतरचे पहिले सहा आठवडे. बाहुलीला न्हाऊ घालणे आणि दुपट्यात गुंडाळणे शिकवले की नवजात बाळाचा धडा संपतो. त्या सहा आठवड्यांत आईबापांना खरे हवे असते ते दूध पाजण्याचे शिक्षण आणि धोका ओळखण्याचे शिक्षण. बाळाने केवळ स्तनाग्र न धरता त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात कसा घ्यावा, पहिले पिवळसर चीकदूध पिळून का टाकू नये, पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले झाले म्हणजे दूध पुरते आहे असे समजावे, पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते आणि दोन आठवड्यांत भरून येते, हे माहीत नसल्यामुळेच चौथ्या दिवशी घरात दुधाची भुकटी येते. ज्या शहरातल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली, तिथे दूध आटल्याच्या गैरसमजापायी बाळाला बाटली लागावी, याची खंत वाटते. तसेच बाळ दूध ओढेनासे झाले, मिनिटाला साठाहून अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ दिसली, अंग तापले किंवा गार पडले, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही, हे आजीसकट घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे.

असे शिक्षण जीव वाचवते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाला तपासत, आईला शिकवत, गरज पडली तर उपचार करत, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याचा २०११ चा राष्ट्रीय कार्यक्रम त्या कामावर उभा आहे.

आजीचा उल्लेख मी मुद्दाम केला. अनेक वर्गांत जुन्या रीतींची थट्टा होते, आणि घरी येऊन मुलगी सासूशी भांडते. बाळाला मध चाटवू नये, कारण वर्षाच्या आतल्या मुलाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते, काजळ घालू नये, नाळेला काही लावू नये, बंद खोलीत शेगडी ठेवून शेक देऊ नये, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, बाळंतिणीला चाळीस दिवस घरकामातून सुट्टी, या गोष्टी नुसत्या निरुपद्रवी नाहीत, बाळंतिणीला जपणाऱ्या आहेत. जो वर्ग आजीला मानाने बोलावून तिच्यासमोर या दोन्ही याद्या ठेवतो, तो घरातले निम्मे तंटे मिटवतो. आईच्या मनाचीही विचारपूस त्याच तासात व्हावी. दोन आठवड्यांनंतरही उतरत नसलेली उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणे, स्वतःला संपवण्याचे विचार, यांवर उपचार आहेत, आणि ते कुठे मिळतात हे नवऱ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे.

आता उरतो तो मला सर्वांत जास्त सलणारा भाग. वर लिहिलेले सगळे फी भरू शकणाऱ्यांचे आहे. गोवंडी-मानखुर्दची, धारावीची, मालवणीची मुलगी क्लास निवडत नाही. ती महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा केईएम-सायन-नायरच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत बसते, तीन-चार तासांनी दोन मिनिटे डॉक्टरांसमोर उभी राहते आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाते. गर्भवतींच्या फोनवर त्यांच्या भाषेत मोफत ध्वनिसंदेश पाठवणारी एम-मित्र सेवा याच शहरात सुरू झाली, आणि माहिती पोचवायला महागडा सभागृहवर्ग लागत नाही हे तिने दाखवून दिले. पण फोन कमरेवर दाब देऊ शकत नाही. रांगेतले ते तीन तास हाच या मुलींचा वर्ग होऊ शकतो. एक परिचारिका, एक आरोग्यसेविका, चार सतरंज्या, आणि प्रत्येक गर्भवतीसोबत आलेली आई, सासू, जाऊ किंवा शेजारीण.

यावर प्रसूतिकक्षात जागा नाही, संसर्ग होईल, नातेवाईक गोंधळ घालतील, डॉक्टरांवर हात उगारतील, अशा हरकती येतात. खाटांमधली दाटी मी स्वतः भोगली आहे आणि डॉक्टरांवरचे हल्ले ही खरी गोष्ट आहे. पण दाटीवर दोन खाटांमध्ये पडदा हा स्वस्त उपाय आहे, संसर्गावर स्वच्छ गाऊन आणि हात धुणे आहे, आणि गोंधळ बहुधा तेव्हा होतो जेव्हा आत काय चालले आहे ते बाहेरच्या दहा जणांना कोणी सांगत नाही. आत उभी असलेली एक शिकवलेली सासू बाहेरच्या दहा जणांना शांत ठेवू शकते. गरोदर बाईच्या हाती पहिल्या नोंदणीला जे माता-बाल संरक्षण कार्ड दिले जाते, त्याच्या पहिल्याच पानावर सोबतिणीच्या नावाची जागा असावी, ते नाव त्याच दिवशी लिहिले जावे, पुढच्या प्रत्येक तपासणीला त्या दोघींनी मिळून सतरंजीवर बसावे, आणि कळा सुरू झाल्यावर दारावरच्या माणसाने कार्ड पाहून त्या नावाच्या बाईला आत सोडावे.